लघवीचं कल्चर: आधी बाटली, मग गोळी

आमच्या काउंटरवर रोज सकाळी एकच संवाद होतो. पेशंट बाटली पुढे करतो, आमची टेक्निशियन विचारते, "अँटिबायोटिक चालू आहे का?" आणि उत्तर येतं, "छे, कालपासून फक्त दोनच गोळ्या घेतल्यात." या 'फक्त दोनच'पायी तुमचे तीन-चार दिवस आणि कल्चरचे पैसे वाया जातात. तोंडी सांगून सांगून आमचा घसा बसला, म्हणून हा कागद छापला. कल्चरची बाटली न्यायला याल तेव्हा सोबत मिळेल. बाटलीचे आणि कागदाचे पैसे नाहीत.

रुटीन आणि कल्चर यांतला फरक बहुतेकांना ठाऊक असतो. रुटीनमध्ये आम्ही लघवी मायक्रोस्कोपखाली बघतो, पू-पेशी मोजतो, साखर-प्रथिनं तपासतो, आणि तासाभरात रिपोर्ट देतो. त्यावरून जंतुसंसर्ग असावा एवढं कळतं. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे मात्र कल्चरशिवाय कळत नाही.

कल्चर म्हणजे पेरणी. एका तारेच्या बारीक कडीने आम्ही तुमच्या लघवीचा एक हजारांश मिलिलिटर एवढाच अंश उचलतो आणि प्लेटमधल्या जेलीवर ओढतो. ही जेली आगरची असते, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासची. पूर्वी जिलेटिन वापरत, ते उबेत वितळून जायचं. १८८१-८२ च्या सुमारास जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका डॉक्टरांच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी, "आगर वापरून बघा" म्हणून सुचवलं. त्या घरी जेली करायला तेच वापरायच्या. जगभरातल्या लॅब अजून त्याच जेलीवर चालतात.

प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार पेटीत, ३५ ते ३७ अंशांवर ठेवतो. जिथे एक जिवंत जंतू पडला असेल तिथे सकाळपर्यंत त्याची आख्खी वाडी वसलेली असते, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसते. ठिपके मोजायचे आणि हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू. पुढे त्यातलाच जंतू दुसऱ्या प्लेटवर सारवून त्यावर औषधं लावलेल्या कागदी चकत्या ठेवतो. चकती ६ मिलिमीटरची, कपाळावरच्या टिकलीएवढी. ज्या औषधापुढे जंतू टिकत नाही, त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल खळं पडतं. त्याला आणखी एक रात्र लागते. म्हणून आम्ही ४८ तास मागतो. "जरा लवकर द्या ना" म्हटल्याने जंतू भरभर वाढत नाहीत.

आता त्या दोन गोळ्यांकडे येतो. भाजलेलं बी पेरलं तर उगवत नाही, हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. लघवीच्या आजारावरची बरीच अँटिबायोटिक्स शरीरातून लघवीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे लघवीत ती दाट साठतात. दोन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण बाटलीतले जंतू अर्धमेले होतात आणि औषधाचा अंशही बाटलीत उतरतो. प्लेटवर काही उगवत नाही. आम्हाला रिपोर्टवर 'नो ग्रोथ' लिहावं लागतं, कारण उगवलंच नाही तर दुसरं काय लिहिणार? तुम्ही त्याचा अर्थ 'जंतू नाहीत' असा घेता. शेतात तण तसंच असतं, फक्त आम्ही आणलेल्या चिमूटभर मातीत ते उगवलेलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात एक शिक्षिका आल्या होत्या. जळजळ, सारखं लागणं, ओटीपोटात दुखणं. घरच्यांनी आधी 'उन्हाळी लागली असेल' म्हणून सब्जा आणि धण्याचं पाणी दिलं, मग मेडिकलमधून जळजळीचं सिरप आणलं. त्याने काही अंशी आराम पडतो, जंतू मरत नाहीत. डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलं. बाईंनी विचार केला, उद्या सकाळी बाटली द्यायचीच आहे, तोवर रात्र तरी सुखाची जावी. दिराच्या उरलेल्या पाकिटातली सेफिक्झिम या अँटिबायोटिकची दोनशेची गोळी रात्री घेतली आणि सकाळी एक. रुटीनमध्ये पू-पेशी भरपूर, ४० ते ५०, कल्चरमध्ये शून्य. बाईंना वाटलं सुटलो, डॉक्टरांकडे त्या परत गेल्याच नाहीत. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आणि कमरेत कळ. या वेळी गोळी न घेता बाटली दिली. ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, मिलिलिटरला लाखाच्या वर, आणि सेफिक्झिमच्या टिकलीभोवती खळंच नाही, जंतू टिकलीला चिकटून वाढलेला. म्हणजे ती गोळी त्यांना लागू पडणारच नव्हती. लघवीत दाट साठून तिने जंतू तेवढ्यापुरते दाबले असावेत आणि तपासणी तेवढी बिघडवली.

(सेफिक्झिमसारख्या औषधांवर शेड्यूल एच१ लागू आहे, १ मार्च २०१४ पासून. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि मेडिकलवाल्याने पेशंटचं नाव रजिस्टरला लिहून ठेवायचं, असा नियम. दिराच्या पाकिटाला कसलं रजिस्टर?)

तेव्हा डॉक्टरांनी कल्चर लिहिलं की आधी आमच्याकडे बाटली द्या आणि आमच्या दारातून बाहेर पडताच पहिली गोळी घ्या. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस कळ सोसत बसा, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतात. पद्धतच तशी आहे. काही वेळा तर थांबणं धोक्याचं असतं: थंडी वाजून ताप, पाठीत कुशीला दुखणं, उलट्या, ग्लानी, पेशंट गरोदर असेल, तान्हं बाळ असेल. अशा वेळी लॅब उघडायची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथे इंजेक्शन देण्याआधी लघवीचा आणि लागलाच तर रक्ताचा कल्चर घेतात. जमलं तर उत्तम, पण नमुन्यासाठी औषध लांबवायचं नाही. आम्हाला रात्री फोन केलात तर आमचा माणूस दवाखान्यात येऊन बाटली घेऊन जाईल.

गोळी घेऊन झाली असेल तर? लपवू नका, आम्ही रागावणार नाही. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची गोळी किती वाजता, हे फॉर्मवर लिहा. नाव आठवत नसेल तर पाकिटाचा फोटो चालेल. म्हणजे 'नो ग्रोथ' आला तरी तो कशामुळे असू शकतो हे रिपोर्टच्या तळाशी लिहिता येतं आणि डॉक्टर फसत नाहीत. नमुना स्वच्छ यावा म्हणून आपल्या मनाने औषध बंद मात्र करू नका. चालू ठेवायचं की थांबवून पुन्हा तपासायचं, हे डॉक्टर ठरवतील. पू-पेशी भरपूर, औषध काहीच नाही आणि तरी वारंवार 'नो ग्रोथ' येत असेल, तर ती गोष्ट वेगळी. मुतखडा किंवा मूत्रमार्गाचा क्षयही असा दिसतो. क्षयाचा जंतू आमच्या या प्लेटवर उगवत नाही, त्याची तपासणी निराळी असते. पण आधी गोळ्या झाल्या असतील तर ही शंका घ्यायची तरी कशी?

बाटली भरण्याबद्दल थोडं. मुरांब्याची बरणी, खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, पाण्याची बाटली, हे सगळं आमच्याकडे येऊन गेलेलं आहे. कितीही उकळलेलं असलं तरी आम्ही घेत नाही. आमची बाटली निर्जंतुक केलेली असते. झाकण ऐन वेळी उघडा, आतून बोट लावू नका, झाकण उलटं करून मोरीच्या कठड्यावर ठेवू नका. हात धुवा, लघवीची जागा साध्या पाण्याने धुवा (डेटॉल वगैरे नको), सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली बाटलीत धरा, शेवटची पुन्हा सोडा. सुरुवातीच्या धारेबरोबर कातडीवरचे जंतू येतात. तीन-चार प्रकारचे जंतू एकदम उगवले की आम्हाला 'पुन्हा नमुना द्या' म्हणावं लागतं, आणि तुम्हाला वाटतं लॅबवाले पैशासाठी फेऱ्या मारायला लावतात. असा दुसरा नमुना आम्ही त्याच पैशात करतो, हे इथे छापूनच टाकतो.

सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. नाहीतर तीन-चार तास थांबलेली. इथे बाकावर बसून "येत नाही" म्हणून दोन लिटर पाणी ढोसू नका. लघवी पाण्यासारखी पातळ होते आणि ठिपके खोटे कमी दिसतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर पिशवीतली लघवी कधीच नको, पिशवीत जंतू आपोआप वाढतात. नळीवरच्या खास जागेतून सिस्टर सिरिंजने काढून देतात. तान्ह्या बाळाला चिकटवायच्या पिशवीतला नमुना निर्मळ आला तर विश्वास ठेवता येतो, जंतू निघाले तर मात्र पुन्हा नीट नमुना घ्यावा लागतो. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आता गाव आणि एसटी. भरलेली बाटली दोन तासांत आमच्याकडे आली पाहिजे. उबेत ई. कोलाय दर वीस-एक मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत तीन तास राहिलेली बाटली म्हणजे आमच्या इन्क्युबेटरची बहीणच. दोन तासांत जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांपर्यंत चालतं. फ्रीझरमध्ये नको. "दुधाशेजारी लघवी?" असं सासूबाई म्हणणार हे आम्ही धरून चाललोय. तसं झालं तर एका स्टीलच्या डब्यात बर्फ घ्या, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात ठेवा आणि डबा फ्रिजबाहेरच राहू द्या. डब्यातला बर्फ टिकून असताना एसटीने पाठवला तरी चालेल. बाटलीवर (झाकणावर नव्हे) नाव आणि वेळ लिहा. वेळ नसलेली बाटली आम्ही परत करतो, त्यात ओळखपाळख बघत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर लोक सगळ्यात आधी काय करतात, तर खळ्यांचे मिलिमीटर बघून 'ज्याचं मोठं ते भारी' म्हणून मेडिकलमध्ये जातात. तसं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. एकाचं १७ पुरेसं, दुसऱ्याचं २३ सुद्धा कमी पडू शकतं. म्हणून समोरचं अक्षर बघा: एस म्हणजे लागू, आर म्हणजे लागू नाही, आय म्हणजे मधलं, डॉक्टर विचार करून ठरवतील. आणि एस असलेलं प्रत्येक औषध तुमच्यासाठी नसतं. नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे औषध मूत्राशयातल्या संसर्गाला छान आहे, पण मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या तापाच्या आजारात ते उपयोगाचं नाही, रिपोर्टवर एस असलं तरी. तुमची किडनी, वय, मधुमेह, गरोदरपण यातलं काहीच आमच्या प्लेटला दिसत नाही. म्हणून फोनवर "कुठली गोळी घेऊ?" असं विचारलंत की आमची मुलगी डॉक्टरांकडे जायला सांगते. ती उद्धट नाही, तिला आम्हीच तसं शिकवलंय.

"दुसरीकडे स्वस्तात होतं" हेही ऐकतो. होत असेल. आमच्याकडे प्लेट याच इमारतीत लागते, नमुना रात्रभर गाडीत फिरत मोठ्या शहरात जात नाही, आणि पहिल्या चोवीस तासांत काही उगवलं तर आम्ही डॉक्टरांना स्वतः फोन करतो, पूर्ण रिपोर्टची वाट न बघता. दर काउंटरवर लावलेला आहे. आणि धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट: कसलाच त्रास नसताना नुसतं 'एकदा बघून घेऊ' म्हणून कल्चर करू नका. वयस्कर माणसांत, कॅथेटर असलेल्यांत त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि बहुधा औषधाची गरज नसते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेले पेशंट हे त्याला अपवाद. त्यांचं डॉक्टर सांगतील तेव्हा कराच.

लॅब सकाळी साडेसहाला उघडते, रविवारी साडेसात ते अकरा. आदल्या संध्याकाळी बाटली न्यायला या. लॅब बंद असेल तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन-चार बाटल्या ठेवलेल्या असतात, नाव सांगून घ्या.