दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ: डिपॉझिट भरण्याआधी
न्यू जर्सीतल्या पालकांसाठी माहितीपत्रक

मार्चअखेर घरात ऑफर लेटरं जमतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत जागा पक्की करण्याचं डिपॉझिट भरायचं असतं. त्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: मिशिगन किंवा इलिनॉय मिळालंय, रटगर्सही (आपलं न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) मिळालंय, आता काय? हे पत्रक तेवढ्यापुरतंच आहे. खासगी विद्यापीठांचा हिशेब निराळा, त्यावर प्रत्यक्ष भेटीत बोलू.

आधी फी. सरकारी विद्यापीठात त्या राज्यातल्या मुलांना सवलत असते आणि ती टिकवायला बाहेरच्यांच्या जादा फीचा हातभार लागतो. आपण तिथे पैसे देऊन राहणारे पाहुणे. २०२४-२५ मध्ये रटगर्स-न्यू ब्रन्सविकची न्यू जर्सीवासीयांसाठीची फी वर्षाला साधारण १८ हजार डॉलर होती. त्याच वर्षी मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये, बाहेरच्या मुलांना ६० हजारांहून जास्त. आणि तिथे शेवटच्या दोन वर्षांची फी पहिल्या दोन वर्षांपेक्षा चढीच असते. राहणं-खाणं बाजूला ठेवलं तरी चार वर्षांचा फरक १ लाख ७० हजारांच्याही वर जातो. पण सगळीकडे असंच नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून फी गोठवून ठेवली आहे. बाहेरच्यांना तिथे २८,७९४ डॉलर पडत होते, म्हणजे रटगर्सपेक्षा वर्षाला ११ हजारांच्या आसपास जास्त. म्हणून ‘आउट-ऑफ-स्टेट महाग’ असं सरसकट म्हणू नका, विद्यापीठागणिक बेरीज करा.

‘एक वर्ष राहिलं की तिथलेच होतो ना?’ हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. नाही होत. आई-वडील न्यू जर्सीत राहत असतील आणि मूल त्यांच्यावर अवलंबून असेल, तर शिक्षणासाठी तिथे काढलेलं वर्ष बहुतेक राज्यं रहिवासासाठी धरत नाहीत. चारही वर्षं बाहेरचीच फी धरून चाला. पश्चिमेकडच्या आणि मिडवेस्टच्या राज्यांनी आपसात फी-सवलतीचे करार केले आहेत, पण न्यू जर्सी त्यात नाही.

सवलतीचं म्हणाल तर ॲलाबामा गुण पाहून बाहेरच्या मुलांना घसघशीत स्कॉलरशिप देतं. व्हर्जिनिया आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना बाहेरच्या पात्र मुलांचीही आर्थिक गरज पूर्ण भागवतात. मात्र चॅपल हिलमध्ये पहिल्या वर्षाला बाहेरचे १८ टक्केच घेतात, त्यामुळे प्रवेशच अवघड. कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांकडून गरजेवर आधारित मदतीची आशा धरू नका. ती तिथल्या रहिवाशांसाठी राखलेली आहे.

आता खरा मुद्दा, आणि इथेच घाई होते. ऑफर लेटरवर विद्यापीठाचं नाव ठळक असतं, विभागाचं बारीक. तो बारीक मजकूर आधी वाचा. इलिनॉयमध्ये किंवा सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरुवातीलाच कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश मिळाला नसेल, तर आत गेल्यावर मेजर (मुख्य विषय) बदलून ते मिळणं जवळपास अशक्य. इलिनॉयमध्ये कॉम्प्युटर सायन्सला अर्थशास्त्राची किंवा भाषाशास्त्राची जोड दिलेले अभ्यासक्रम आहेत, चांगलेही आहेत, पण तेही अर्जातच मागावे लागतात. ‘आधी जाऊ तर दे, मग बघू’ म्हणून बाहेरची फी भरायची आणि दोन वर्षांनी मुलीने न आवडणारं मेजर रेटत बसायचं, याला आम्ही तरी सौदा म्हणणार नाही. रटगर्सच्या आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये ठरावीक विषय ठरावीक ग्रेडने पार केले की कॉम्प्युटर सायन्स घेता येतं. मुलाचं अजून काहीच ठरलेलं नसेल, तर ही मोकळीक फार मोलाची.

आमचं मत स्पष्ट सांगतो. हव्या त्याच विभागात थेट प्रवेश, तो विभाग घरच्या विद्यापीठातल्या विभागापेक्षा खरोखर वरचा, आणि चार वर्षांचा पैसा रिटायरमेंटला हात न लावता उभा राहतो, एवढं जमत असेल तर जरूर जा. नुसत्या नावासाठी आणि शनिवारच्या फुटबॉलसाठी नको. (फुटबॉलची मजा खरी असते, हे मान्य.)

कर्जाचं गणितही बदललं आहे. विद्यार्थ्याच्या नावावर केंद्र सरकारचं कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतच मिळतं. पालकांच्या नावावरच्या केंद्र सरकारच्या प्लस कर्जाला १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. उरलेलं खासगी कर्ज, बहुधा तुमच्या सहीवर.

एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असलेल्या घरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वरच्या मुलांना केंद्र सरकारची मदत आणि कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डाची रांग सरली नाही तर मूल २१ वर्षांचं झाल्यावर एच-४ संपतो, म्हणजे ऐन तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यायची वेळ येते. त्यानंतर काही राज्यांत घरची फीसुद्धा हातची जाऊ शकते, तेव्हा रटगर्सची स्वस्ताई गृहीत धरण्याआधीही रजिस्ट्रारकडून लेखी उत्तर घ्या. व्हिसाचा सल्ला आम्ही देत नाही, तो वकिलाचा.

बारीकसारीक खर्चात दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिल्या वर्षानंतर डॉर्म मिळेलच असं नसतं, आणि कॉलेजगावांत पुढच्या वर्षाची लीज आदल्या फॉलमध्येच करावी लागते, तीही बहुधा १२ महिन्यांची. दुसरं, तुमचा हेल्थ इन्शुरन्स त्या राज्यात चालतो का ते बघा.

भेटीला येताना सगळी ऑफर लेटरं, प्रत्येक ठिकाणचं आर्थिक मदतीचं पत्र, ५२९ (शिक्षणासाठीच्या बचतीच्या) खात्याचं ताजं स्टेटमेंट आणि एपीचे (शाळेतच दिलेल्या कॉलेजपातळीच्या परीक्षांचे) स्कोअर आणा. सरकारी विद्यापीठं एपीला बऱ्यापैकी क्रेडिट देतात. एक सेमिस्टर वाचली तर मिशिगनच्या हिशेबाने ३० हजार डॉलर वाचतात. मुलाला किंवा मुलीलाही सोबत आणा.