खुंटीचा सांधा कच्चा नसतो

‘लाकडी खुंटी म्हणजे तात्पुरतं काम, खिळाच पक्का’ हे साताऱ्यात दाराची चौकट करून घेताना हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. भार खुंटी पेलत नाही, खाचेत बसलेलं कुसू, म्हणजे लाकडाचं बारीक केलेलं टोक, पेलतं. खुंटी फक्त ते बाहेर सरकू देत नाही. खिळा मात्र लाकडाच्या टोकाच्या बाजूने, तंतूंच्या रेषांना समांतर ठोकला की त्याची पकड फारच कमी. वाई-महाबळेश्वरकडच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि खिळा ढिला होतो. बाभळीत तर लोखंड गंजून भोवती काळा डाग धरतं.

खरी मेख भोकात आहे. १० मिमीच्या खुंटीसाठी कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या बाजूला, साधारण दीड मिमी सरकवून पाडा. खुंटी ठोकताच सांधा आपोआप ओढला जातो. तीन मिमी सरकवलंत तर कुसू फाटू शकतं. खुंटी सुकी, सरळ रेषांची, करवतीने न कापता पटाशीने चिरून काढलेली हवी. तिरक्या रेषांची तिथेच मोडते. टोक निमुळतं करा. भोक खाचेच्या कडेपासून निदान २० मिमी आत ठेवा.

सतत ओढ बसणाऱ्या जागी, म्हणजे छपराच्या कैचीच्या (त्रिकोणी सांगाड्याच्या) खालच्या ताणपट्टीला, बोल्टच घ्या.