शीच्या तपासणीत न सापडणारे जंत

पोर मध्यरात्री उठून शीच्या जागी खाजवतं, रडतं. शी तपासून आणावी तर रिपोर्ट स्वच्छ. मग आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते आणि बाबा चॉकलेट बंद करतात. जंतांना दोन्हींचं सोयरसुतक नाही. साखरेने जंत होत नाहीत, त्यांची अंडी पोटात गेल्याने होतात.

रिपोर्ट खोटा नसतो, पण शोध चुकीच्या जागी घेतलेला असतो. एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस हा पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखा जंत, मादी जेमतेम एक सेंटिमीटर. ती सहसा आतड्यात अंडी घालतच नाही. मूल झोपलं की गुदद्वारातून बाहेर येते, भोवतालच्या त्वचेवर १० हजारांच्या आसपास अंडी चिकटवते आणि मरते. एवढा खटाटोप कशाला? अंड्यातली अळी पूर्ण वाढायला प्राणवायू लागतो आणि आतड्यात तो जवळपास नसतोच. बाहेर हवाही मिळते आणि अंगाची ऊबही. चार ते सहा तासांत अंडं संसर्गाला तयार! वर खाज सुटते ती वेगळीच. खाजवलं की अंडी नखांत, आणि बोटं तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून तपासायची ती त्वचा. सकाळी उठल्याबरोबर, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबायची, काचपट्टीवर डकवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. एका बाजूने चपटी अंडी लगेच ओळखू येतात. एकाच सकाळी पाहिलं तर निम्मी मुलं निसटतात. सलग तीन सकाळी पाहिलं तर दहातली नऊ सापडतात. जपानमध्ये अनेक दशकं शाळकरी मुलं अशी पट्टी घरून लावून आणत. लागण एक टक्क्याच्या खाली उतरल्यावर, २०१५-१६ नंतर ती सक्ती उठली.

अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध मोठे जंत मारतं, पण अंड्यांवर भरवसा ठेवण्याइतकं चालत नाही. आज गिळलेल्या अंड्यातून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण महिना लागतो. त्याआधीच तिला गाठायला दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. मात्रा डॉक्टर ठरवतील. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळते ती गोळी हीच, पण ती मोहीम मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. तेवढ्या एका गोळीवर हे घरातलं चक्र तुटेलच असं नाही.

औषधाच्या दिवसांत नखं बारीक कापा, मुलाला सकाळीच आंघोळ घाला. आणि चादर झटकू नका, अलगद गुंडाळून थेट गरम पाण्यात टाका. झटकलेली अंडी हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जाऊन गिळलीही जातात.