पेटी उशिरा आली, भाटी आधीपासून होती

गोव्यात आंबवण्याची विद्या जुनी आहे आणि मधमाशी पाळण्याची त्यामानाने फार अलीकडची. परसात मधपेटी ठेवून त्या मधाची वाइन, म्हणजे मीड, करू पाहणाऱ्याच्या बऱ्याच अडचणी या उलट्या क्रमातून येतात.

रानातला मध इथे पूर्वापार होताच. पण आग्या माशी उंच झाडाला नाहीतर कड्याला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. तिचा मध रात्री धूर देऊन, पोळे कापूनच मिळतो. पेटीत ती राहत नाही. पाळता येते ती सातेरी, ही देशी लहान माशी. ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत ती अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते. जुन्या पद्धतीत तिचीही पोळी पिळलीच जायची. मधात पराग उतरायचा, अळ्या चिरडल्या जायच्या आणि वसाहत मोडायची.

हे बदलले ते हलत्या चौकटींच्या पेटीने. दोन पोळ्यांमध्ये माश्या ठरावीक फट मोकळी सोडतात, हे ओळखून लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने 1851 मध्ये तिची रचना केली. ती पेटी युरोपीय माशीच्या मापाची होती, आपल्या सातेरीला ऐसपैस. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी लहान मापाची पेटी तयार केली, लोकांना शिकवली आणि दक्षिणेत ती रुजली. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने 1934 मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला. मधमाशीपालन हा खेड्याचा जोडधंदा मानला गेला आणि महाबळेश्वर त्याचे मोठे केंद्र झाले. पुण्यात 1962 मध्ये मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्थाही उभी राहिली.

गोवा मुक्तीपर्यंत या सगळ्याच्या बाहेर होता. खादी-ग्रामोद्योगाची चळवळ पोर्तुगीज राजवटीत शिरणार कशी? त्यात 1955 पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि मुक्ती आली 19 डिसेंबर 1961 ला. शेजारच्या मुंबई प्रांतात पेटी रुळत होती, त्या काळात गोव्याचे सत्तरी, सांगे हे तालुके आणि ती चळवळ यांच्या मधे सरहद्द होती. गंमत अशी, की कॅथलिक विधींत मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्तीला मोठा मान. पण मेणाला मागणी असली म्हणून माशी पाळली जातेच असे नाही.

मुक्तीनंतरची वाटही सरळ नव्हती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती प्रचंड संख्येने मारल्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरतात आणि त्यावर औषध नाही. पुष्कळांनी मग मेलिफेरा या युरोपीय माशीची कास धरली. ती मध जास्त देते, पण तिची बडदास्तही जास्त. परसातल्या एक-दोन पेट्यांसाठी माझे मत अजूनही सातेरीकडे झुकते. खादी आयोगाने 2017 मध्ये ‘हनी मिशन’ सुरू केल्यापासून पेट्या आणि प्रशिक्षण यांचा प्रसार देशभर वाढला आहे.

आंबवण्याची गोष्ट याच्या अगदी उलट. माडाची सूर, म्हणजे माडी, होतीच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि बोंडांच्या रसाने भाट्या, म्हणजे दारू गाळायच्या भट्ट्या, पेटल्या. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मीड मात्र गाळत नाहीत, नुसती आंबवतात. मानवजातीच्या अगदी जुन्या पेयांपैकी हे एक: चीनमधल्या जियाहू इथल्या सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळे यांच्या आंबवलेल्या पेयाचे अवशेष सापडले आहेत. आपल्याकडे कौटिल्याने दारूवर सुराध्यक्ष नेमला, तरी घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट, म्हणजे आंबवलेला काढा, करायची कुटुंबाला मोकळीक ठेवली. आधुनिक काळात मीडचा व्यवसाय उभा राहिला तो पुण्यात, नंतर नाशकात.

फेणीवाल्या घरात वाढलेल्याला मधही सोपा वाटेल, पण बोंडाचा रस झाडाखालून घरी येईपर्यंतच फसफसू लागतो, मधाचे तसे नाही. पक्व मधात पाणी इतके कमी असते की यीस्ट वाढूच शकत नाही. किलोभर मधाला सुमारे 3 लिटर पाणी घातले तर साधारण 12 टक्के अल्कोहोलची मीड होऊ शकते; तीही रेंगाळत, कारण यीस्टला लागणारा नायट्रोजन मधात नगण्य. उलट सातेरीचा मध दमट हवेत, पोळ्याला मेणाची टोपी बसण्याआधी काढला, तर त्यात 20 टक्क्यांहून जास्त पाणी राहते आणि तो बरणीतच आंबायला लागतो.

म्हणून मध काढायचा तो काजू-जांभूळ फुलून गेल्यावर, पावसाआधी. जून ते सप्टेंबर फुलोरा नसतो, तेव्हा पेटीत मध शिल्लक ठेवावा लागतो किंवा साखरेचा पाक द्यावा लागतो. नाही तर सातेरी सरळ उठून जाते. मीडचे मडके मांडण्याआधी मात्र अबकारी कार्यालयात विचारलेले बरे. गोव्यात दारू स्वस्त असली तरी ती बनवणे 1964 च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याखाली येते, आणि कौटिल्याची ती सवलत त्यात आपसूक धरून चालू नये.