किशोरवयीन स्कोलिओसिस : शस्त्रक्रियेविना उपचार

वाढीच्या वयात पाठीचा कणा बाजूला वळतो आणि मणके पिळले जातात, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. दहाव्या वर्षानंतर आढळणाऱ्या बहुतेक मुलामुलींत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसण्याने तो होत नाही, त्यामुळे घरच्यांनी त्यावरून मुलांना बोल लावू नयेत. या वयोगटात त्याचे प्रमाण २ ते ३ टक्के असते. सौम्य वक्रता मुलगे व मुली दोघांतही दिसते, पण उपचार लागण्याइतकी वाढलेली वक्रता मुलींत कितीतरी अधिक आढळते.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर वक्रतेचा कोन मोजतात. ही पद्धत अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. कोन १० अंश वा अधिक असला तरच स्कोलिओसिस म्हणतात. याच मोजमापात ५ अंशांपर्यंतचा फरक सहज पडतो, म्हणून दोन एक्स-रेंतील ३ अंशांच्या वाढीने घाबरून जाण्याचे कारण नसते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो उंची अजून किती वाढायची आहे हा. पाळी सुरू न झालेल्या अकरा वर्षांच्या मुलीची २५ अंशांची वक्रता आणि वाढ जवळजवळ थांबलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची तेवढीच वक्रता, यांचा सल्ला एक असू शकत नाही. हाडांची पक्वता कमरेच्या हाडाच्या कडेवरून (रिसर श्रेणी, ० ते ५) किंवा हाताच्या एक्स-रेवरून ठरवतात.

वक्रता २० ते २५ अंशांपेक्षा कमी असेल तर सहसा फक्त लक्ष ठेवतात. जोरात वाढ होत असताना दर ४ ते ६ महिन्यांनी तपासणी होते. काही न करता थांबणे पालकांना जड जाते, पण हाही रीतसर वैद्यकीय निर्णय आहे.

वाढ शिल्लक असताना कोन २५ ते ४० अंशांदरम्यान असला, तर ब्रेसचा, म्हणजे धडाला घट्ट बसणाऱ्या पट्ट्याचा, विचार होतो. १९४० च्या दशकातील मिलवॉकी ब्रेस हनुवटीपर्यंत येत असे. १९७० च्या दशकातील बॉस्टन ब्रेस काखेखाली संपतो, त्यामुळे कपड्यांखाली लपतो. फक्त रात्री वापरायचे प्रकारही आहेत. ब्रेस कणा सरळ करत नाही, वाढ संपेपर्यंत वक्रता आणखी वाढू नये यासाठी तो असतो. हे आधीच स्पष्ट सांगितले नाही, तर वर्षभराने तोच कोन पाहून मुले निराश होतात आणि ब्रेस काढून ठेवतात.

ब्रेसच्या उपयोगावर बराच काळ वाद होता. अमेरिका व कॅनडातील केंद्रांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो बराचसा मिटवला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली, नुसत्या निरीक्षणाखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमापकांमुळे तो खरोखर किती तास घातला गेला हेही कळले. दिवसाला सरासरी १२.९ तासांहून अधिक वापर असणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे गेले. मात्र त्या ४८ टक्क्यांचा अर्थ असा की जवळजवळ निम्म्या मुलांचे ब्रेसविनाही निभावले असते, आणि ती मुले कोणती हे आधी नेमके सांगता येत नाही. म्हणूनच निर्णयात मुलाचे किंवा मुलीचे मत मोलाचे ठरते. शाळेत, खेळताना, उकाड्यात ब्रेस अंगावर वागवायचा असतो तो त्यांनाच. खेळ मात्र बंद करावा लागत नाही, त्या वेळेपुरता ब्रेस काढता येतो.

जर्मनीत काटारिना श्रोट यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या व्यायामपद्धतीत प्रत्येकाच्या वक्रतेनुसार शरीरस्थिती सुधारणे आणि दबलेल्या बाजूत श्वास भरणे यांवर भर असतो. अशा व्यायामांनी स्नायूंची ताकद आणि शरीराची ठेवण सुधारते. कोनावरील परिणामाचा पुरावा मात्र ब्रेसइतका भक्कम नाही, त्यामुळे ब्रेसची गरज असताना त्याऐवजी केवळ व्यायामावर विसंबणे धोक्याचे आहे. विद्युत उत्तेजनाचा उपचार निरीक्षणापेक्षा सरस ठरला नाही. मसाज किंवा मणके दाबून ‘बसवण्या’ने वक्रता थांबते, असाही विश्वसनीय पुरावा नाही. तीव्र वेदना, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे असतील, तर उपचार निवडण्याआधी एमआरआय करून मज्जारज्जूचा विकार नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

उंची वाढणे थांबले की ब्रेस बंद करतात. त्या वेळी ३० अंशांच्या आत असलेली वक्रता पुढे क्वचितच वाढते. ५० अंशांच्या वर गेलेली, विशेषतः छातीच्या भागातील वक्रता प्रौढपणीही हळूहळू, वर्षाला साधारण एका अंशाने वाढत राहू शकते. म्हणून ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते.