स्वभाव कळला म्हणजे निर्णय कळला?

"त्याचा स्वभाव मले माहीत हाय, तो असंच करन." वऱ्हाडात कोणत्याही पानठेल्यावर हे ऐकू येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही त्यामागची समजूत. ती फार तर अर्धी खरी आहे.

१९६६मध्ये इंदिरा गांधींना पंतप्रधान करणाऱ्या काँग्रेसच्या बड्यांनाही वाटलं होतं, बाई अबोल आहेत, मुठीत राहतील. १९६९च्या जुलैत त्यांनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि वर्षअखेर पक्षच फुटला. स्वभाव एका रात्रीत बदलला नव्हता. त्याच बड्यांशी सामना जुंपल्यावर समोरच्या वाटा बदलल्या होत्या. अमेरिकेचे कट्टर कम्युनिस्टविरोधी राष्ट्राध्यक्ष निक्सनही १९७२मध्ये चीनला गेलेच.

आपण परिस्थिती विसरतो, हे १९६७च्या एका प्रयोगात दिसलं. क्युबाचा कम्युनिस्ट नेता कॅस्ट्रो याच्या बाजूने लिहिलेला निबंध वाचायला दिला. ही बाजू लेखकाला नेमून दिली होती, हे सांगूनही वाचकांनी त्याला कॅस्ट्रोवालाच धरलं!

म्हणून परिस्थिती बघितली की झालं, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची राजकीय भाकितं सुमारे २० वर्षं तपासली. बहुतेक अंदाजपंचेच्या जरासे पुढे. एकाच सूत्राला चिकटणारे जास्त चुकले.

बुलडाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी, म्हणजे घट मांडून पीकपाण्याचं नि राजकारणाचं भाकीत करायची प्रथा, मी मानत नाही, पण तिथं राजाच्या गादीचं, म्हणजे सत्ता टिकेल का याचं, भाकीत निदान आधी, चारचौघांत सांगतात. ठेल्यावरचं "मी म्हटलंच होतं" निकालानंतर उगवतं.