सभासद-सहभाग, मोठ्या सहकारी संस्थांतील

सभा, मतदान, लेखी प्रश्न आणि दप्तराची तपासणी या मार्गांनी सहकारी संस्थेच्या कारभारात सभासदांचा होणारा शिरकाव. ही नोंद महाराष्ट्रातील साखर कारखाने व दूध संघ यांपुरती आहे.

‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाचा उगम बहुधा रॉचडेल (इंग्लंड) येथील १८४४ च्या ग्राहक भांडाराकडे नेला जातो. सहकाराचाच आरंभ शोधणारे काही अभ्यासक स्कॉटलंडमधील फेनिकच्या विणकरांच्या १७६१ च्या करारापर्यंत मागे जातात. भारतापुरता विचार केल्यास जर्मनीतील रायफायझन पतपेढ्यांचा (सभासदांना कर्ज देणाऱ्या ग्रामीण सहकारी संस्थांचा) धागा अधिक जवळचा वाटतो. मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात दिलेल्या अहवालाचा भर याच पतपेढ्यांवर होता. त्यानंतर झालेल्या सहकारी पतसंस्थांविषयीच्या १९०४ च्या कायद्याने एका गावातील किंवा आसपासच्या गावांतील किमान दहा माणसांना संस्था काढता येऊ लागली. ग्रामीण संस्थेत जबाबदारी सामान्यतः अमर्याद असे. संस्था बुडाली तर प्रत्येकाच्या घरादारावर टाच, म्हणून मतही प्रत्येकाचे सारखे. १९१२ च्या कायद्याचे कलम १३ हेच दाखवते : जबाबदारी भागांपुरती (शेअरपुरती) मर्यादित नसेल तेथे सभासदाला एकच मत, भागांपुरती मर्यादित असेल तेथे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, ठरतील तेवढी मते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ ने एक मताचा नियम भाग कितीही असोत, लागू केला व व्यक्तिसभासदाचे मुखत्यारामार्फत मतदान बंद ठेवले. एकमेकांना ओळखणाऱ्या गावासाठी बेतलेला अंगरखा अशा रीतीने कारखान्यालाही चढला.

तो कोठे तोकडा पडतो, हे याच १९६० च्या अधिनियमाच्या कलम ७६ मध्ये दिसते (पुढील कलमेही त्याचीच). एक-पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत सांगितलेल्या संख्येने, यांपैकी जी कमी असेल तिने, लेखी मागणी केल्यास एक महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. पन्नास सभासदांच्या सोसायटीत त्यासाठी दहा सह्या पुरतात. वीस हजार सभासदांच्या कारखान्यात उपविधी गप्प असतील तर ४,००० सह्या लागतात, आणि त्या गावोगाव फिरून गोळा कराव्या लागतात.

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ताळेबंद, लेखापरीक्षण व दोषदुरुस्ती अहवाल, नफ्याची वाटणी हे तिचे ठरीव विषय. गणपूर्ती (किमान आवश्यक हजेरी) न झाल्यास सभा तहकूब होते आणि बहुधा अर्ध्या तासाने त्याच मांडवात गणपूर्तीच्या अटीशिवाय भरते. विषय वाचला जातो, सूचक-अनुमोदकांची नावे पुकारली जातात, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. विरोध इतिवृत्तात यावा असे वाटणाऱ्याने तो लेखी देऊन पोच घेणे बरे. नुसता आरडाओरडा कागदावर येत नाही. सभेतील ठरावाविषयीचा वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो.

सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये अधिनियमात ‘क्रियाशील सदस्य’ ही संकल्पना आली : पाच वर्षांत किमान एका सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर. हजेरीचा पुरावा म्हणजे दारातले सह्यांचे रजिस्टर, आणि ते ठेवणारी संस्थाच. सही करून मांडवाबाहेर चहाला गेलेलाही त्यात हजर असतो. क्रियाशीलतेच्या या तरतुदीत पुढे फेरबदल झाले आहेत.

जिल्हा दूध संघाची घडण निराळी आहे. दूध घालणारा शेतकरी गावच्या संस्थेचा सभासद असतो. संघाची सभासद ती संस्था. संस्थेने ठराव करून एकाचे नाव कळवायचे आणि त्यानेच मत द्यायचे. म्हणून संघाच्या निवडणुकीत झगडा होतो तो ‘ठराव’ गोळा करण्याचा, आणि मतदानाआधी ठरावधारकांच्या, म्हणजे ठरावात नाव असलेल्या मतदारांच्या, सहली निघतात. मोठ्या संस्थेला प्रतिनिधींचे लहान मंडळ नेमून त्याला सर्वसाधारण सभेचे अधिकार देण्याची मुभा कलम ७२ मध्येही आहे.

दप्तर पाहण्याचा हक्क कलम ३२ मध्ये आहे : कार्यालयीन वेळेत विनामूल्य, नकलेला शुल्क. त्यासाठी सह्यांची मोहीम लागत नाही, एकट्याचा अर्ज पुरतो.